कोसला, गोतावळा, पाचोळा : आधुनिकतावादी मराठी कादंबरीतील 'मी' आणि निसर्ग

१९४५ नंतरच्या मराठी कथात्म साहित्याचा विचार करताना आपण सवयीने दोन खण पाडतो. एका खणात नवसाहित्य ठेवतो. त्यात महानगर, यंत्रयुग, व्यक्तीचे तुटलेपण, संज्ञाप्रवाह आणि अस्तित्वाचे प्रश्न येतात. दुसऱ्या खणात प्रादेशिक आणि ग्रामीण साहित्य ठेवतो. त्यात माती, पाऊस, गुरेढोरे, दुष्काळ आणि बोली येतात. पहिल्या खणातील माणसाला 'स्व' असतो, दुसऱ्यातील माणसाला 'परिसर' असतो, अशी न बोललेली समजूत या विभागणीमागे उभी आहे. परीक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची असली तरी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी आहे.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. नावातच झऱ्याची आठवण, सभोवती काळी जमीन, आणि त्या जमिनीवर कापूस, ज्वारी, अलीकडे सोयाबीन. झरीसारख्या गावातून परभणीला मराठी शिकायला येणारा विद्यार्थी या विभागणीतून काय घेऊन जातो? आत्मशोध ही पुण्या-मुंबईची गोष्ट आहे आणि आपल्या वाट्याला आली आहे ती वर्णनविषय होण्याची जागा, एवढेच. प्रत्यक्ष कादंबऱ्या मात्र निराळे सांगतात. मराठी कादंबरीतला आधुनिक 'मी' घडला तो निसर्गाशी असलेले जुने नाते मोडताना आणि नवे जोडताना. कादंबरीतून निसर्गवर्णन ओसरत गेले, त्याच काळात निसर्ग खऱ्या अर्थाने कादंबरीत शिरला. हा प्रवास थोडा क्रमाने पाहू.

जुन्या अद्भुतरम्य कादंबरीत निसर्ग आला तो संस्कृत काव्याच्या संकेतांनी सजून. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' (१८९०-९३) या कादंबरीत यमूच्या रूपाने मराठीला एक जिवंत, दुखावलेला, प्रथमपुरुषी 'मी' मिळाला. पण यमूचे जग माजघर, ओसरी आणि नात्यांच्या गुंत्याचे आहे. घराबाहेरच्या सृष्टीला तिच्या कहाणीत फारसा वाव नाही. पुढे बालकवींच्या काळात निसर्ग आणि मन एकमेकांत मिसळले. झाड उदास झाले ते पाहणारा उदास होता म्हणून. हा रोमँटिक वारसा फडके युगाच्या कादंबरीत पोहोचला तेव्हा त्यातले गांभीर्य गळून गेले होते. चांदणे, समुद्रकिनारा, पावसाची सर ही नायक-नायिकांच्या भेटीची नेपथ्यरचना झाली. निसर्ग मनाचा आरसा होता, आणि आरशाला स्वतःचे असे काही म्हणायचे नसते.

हा आरसा फुटला तो चौथ्या-पाचव्या दशकात. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) युद्धाच्या उंबरठ्यावरील युरोपातून निघालेल्या बोटीभोवती अथांग समुद्र आहे. पण तो प्रेमिकांच्या बाजूने बोलत नाही. माणसांच्या याद्या, पासपोर्ट आणि वंशद्वेष यांचे त्याला सोयरसुतक नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'रात्रीचा दिवस'मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाहाचा प्रयोग करून व्यक्तीचे एकसंधपणच प्रश्नांकित केले. त्यांच्या पुढील दोन कादंबऱ्यांची नावे 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) अशी आहेत, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. जाणिवेच्या तळाशी उतरू पाहणारा लेखक मूलद्रव्यांची नावे घेतो, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही.

याच वर्षांत परभणीत बी. रघुनाथ (१९१३-१९५३) लिहीत होते. सातोन्यात जन्मलेला हा लेखक निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी करीत 'ओ', 'बाबू दडके', 'म्हणे लढाई संपली!', 'जगाला कळले पाहिजे' यांसारख्या कादंबऱ्या आणि अनेक कथा-कविता लिहून गेला. कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू असलेल्या संस्थानात मराठीतून 'मी' म्हणणे हेच एक विधान होते. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत, बी. रघुनाथ परभणीच्या कचेरीत. एक सेहेचाळिसाव्या वर्षी गेला, दुसरा चाळिसाव्या. आधुनिक जाणिवेचा नकाशा काढताना आपण दुसरे गाव मात्र बहुधा विसरतो.

विभागणीतला दोष सर्वांत स्पष्ट दिसतो तो व्यंकटेश माडगूळकरांपाशी. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्याबरोबर नवकथेचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि ग्रामीण साहित्याच्या प्रकरणात तेच नाव पुन्हा येते. एकच लेखक दोन्ही खणांत सापडत असेल तर दोष खणांचा मानला पाहिजे. 'बनगरवाडी' (१९५५) ही औंध संस्थानातील धनगरवाडीवर नेमलेल्या तरुण मास्तराने सांगितलेली कहाणी. राजाराम सौंदणीकर हा निवेदक वाडीत राहतो, तालीम उभारतो, कारभाऱ्याचा विश्वास मिळवतो आणि गमावतोही. तरी तो वाडीचा होत नाही. कादंबरीच्या अखेरीस पाऊस दडी मारतो, मेंढरे मरू लागतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. मास्तराने केलेल्या कामाचा, त्याच्या भल्या हेतूंचा हिशेब या अवर्षणापुढे कोणी विचारत नाही.

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाऊस' (१९२७) या कादंबरीच्या मधल्या भागाची येथे आठवण होते. घर रिकामे पडते, वारा आणि ओल आत शिरतात आणि माणसांचे मृत्यू चौकटी कंसांत एकेका वाक्यात उरकले जातात. माणूस हा सृष्टीच्या कथेचा नायक नाही, ही आधुनिकतावादाची मोठी जाणीव तेथे घराच्या रिकामेपणातून व्यक्त होते. 'बनगरवाडी'त ती वाडीच्या रिकामेपणातून होते. पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. वुल्फच्या घरातली माणसे निसर्गाकडे खिडकीतून पाहू शकतात. धनगराला खिडकी नाही. पाऊस न येणे हा त्याच्यासाठी चिंतनाचा विषय होण्याआधी पोटाचा विषय होतो. त्यामुळे आपल्याकडे सृष्टीची उदासीनता हे निव्वळ तत्त्वज्ञान राहत नाही. त्यात चारा, पाणी आणि स्थलांतर हे सारे येते.

'बनगरवाडी'चे निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद बोलीत. ही भाषिक रेषा म्हणजे निवेदकाच्या 'स्व'ची सीमाही आहे. तो पाहुणा आहे. त्याचा 'मी' नम्र आहे, सहृदय आहे. पण वाडीचा निसर्ग त्याला डोळ्यांनी कळतो, हातांनी नव्हे.

१९६३ साली आलेल्या 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर हा पाहुणा नाही. तो खानदेशातील सांगवीचा मुलगा, शिकायला पुण्यात गेलेला आणि शिक्षण तडीस न नेता परतलेला. 'कोसला'ची चर्चा परात्मता, अर्थशून्यता, भाषेची मोडतोड या अंगांनी पुष्कळ झाली. शीर्षकाचा विचार त्या मानाने कमी झाला. कोसला म्हणजे किड्याने स्वतःच्याच धाग्यांनी स्वतःभोवती विणलेले वेष्टन. ही प्रतिमा पश्चिमेकडून आलेली नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात देहालाच आत्मा मानणारा माणूस कोशकिड्यासारखा आपणच आपला वैरी होतो, असा दृष्टान्त आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या कादंबरीत हा दृष्टान्त आध्यात्मिक निष्कर्षाविना येतो. कोश आहे, पण त्यातून बाहेर पडल्यावर मुक्ती आहे की नुसतेच उघडे पडणे, हे कोणी सांगत नाही. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. रोमँटिक कादंबरीत अशा मृत्यूनंतर आभाळ भरून आले असते. येथे आभाळ आपल्या जागी राहते आणि शोक करणाऱ्याला त्याची मदत होत नाही. निसर्ग शरीरात येतो, रोग होऊन येतो; सांत्वनासाठी येत नाही. आणि गावी परतलेल्या पांडुरंगाला मातीतही आधार मिळत नाही, कारण शिक्षणाने त्याचा हात नांगरावरून सुटलेला आहे आणि शहराने तो धरलेला नाही.

याच १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच 'मी' आहे. एकाच वर्षी मराठीत हे दोन 'मी' उभे राहावेत, ही घटना कोणत्याही इतिहासकाराने थांबून पाहावी अशी आहे. सांगवीकराला स्वतःचे असणे निरर्थक वाटते; बागुलांच्या माणसाला स्वतःचे असणे लपवावे लागते. निसर्गाच्या प्रश्नाशी याचा निकटचा संबंध आहे. ज्या समाजात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे पाणी हे निव्वळ पंचमहाभूतांपैकी एक राहत नाही. माती म्हणजे सातबारा, विहीर म्हणजे हक्क आणि रान म्हणजे गावकुसाबाहेरची जागा. 'मराठी माणसाचे मातीशी नाते' असे सरसकट म्हणताना कोणाचे नाते आणि कोणत्या मातीशी, हे विचारण्याची सवय आपल्याला दलित साहित्याने लावली.

यानंतरचे पाऊल १९७१ चे. त्या वर्षी आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' या दोन कादंबऱ्या आल्या. दोन्हींचे निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि ते संपूर्ण बोलीत आहे. 'बनगरवाडी'त संवादापुरती राखलेली भाषा येथे निवेदनाची भाषा झाली. केवळ शैलीचा प्रयोग म्हणून याची नोंद करणे पुरेसे नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातली रेषा या बदलाने पुसली. 'गोतावळा'तील नारबा हा सालगडी. एकटा, लग्न न झालेला, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा. बैल, गाई, म्हशी, कुत्री, कोंबड्या हेच त्याचे गोत. मालकाच्या मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जाऊ लागते. नारबाचा 'स्व' हा जनावरांच्या नात्यांचा मिळून बनलेला आहे, त्यामुळे ती जातात तसा तोही थोडाथोडा वजा होत जातो. परात्मतेचे इतके ठोस चित्र नवसाहित्याच्या महानगरातही सहज सापडत नाही. यंत्राने माणसाला एकटे पाडले, हे नवसाहित्याचे सूत्र येथे गोठ्यात सिद्ध होते. शिवाय जमीन नारबाची नाही. ज्या मळ्याशी त्याचे रक्ताचे नाते आहे त्या मळ्यावर त्याचा कागदोपत्री काडीचा हक्क नाही. मातीशी नाते आणि मातीची मालकी यांतला हा फरक यादवांनी भाषणाविना दाखवला.

'पाचोळा' मराठवाड्याच्या बोलीतली. खेड्यातल्या गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पार्वती सांगते. येथे शेत फारसे नाही, पावसाचे वर्णन नाही. निसर्ग उरला आहे तो नावात: झाडावरून सुटलेले, वाऱ्याच्या स्वाधीन झालेले वाळके पान. पण ज्या बोलीत पार्वती बोलते तिच्यात ऋतू, जनावर, पीक, वारा हे सारे मुरलेले आहे. तिला निसर्गाचे वर्णन करावे लागत नाही, कारण तिची भाषाच त्यातून आली आहे. यमूपासून पार्वतीपर्यंत ऐंशी वर्षांत मराठी कादंबरीतील स्त्रीचा 'मी' माजघरातून बोलीच्या उघड्या रानात आला.

कोसला, गोतावळा, पाचोळा. तिन्ही नावे माणसाचीच आहेत. पण ती किड्याकडून, गुरांच्या सोबतीकडून आणि वाळक्या पानाकडून उसनी घेतलेली आहेत. माणसाला स्वतःचे नाव स्वतःतून सापडेनासे झाले तेव्हा मराठी कादंबरीने ते अवतीभोवतीच्या सृष्टीत शोधले. रोमँटिक लेखकाने निसर्गाला माणसाची नावे दिली होती. येथे माणसाला निसर्गाची नावे मिळाली. या उलटापालटीत आपल्या आधुनिकतावादाचे वैशिष्ट्य आहे, असे मला वाटते.

या कादंबऱ्या आल्या आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. त्याच वर्षी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. शेती बदलली, बियाणे बदलले, बैल कमी झाले. पुढे सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील (२००२) एकनाथ एम.ए., बी.एड. होऊनही नोकरीअभावी शेतात उभा राहिला. सांगवीकराला परतण्यासाठी निदान बापाची भरभक्कम वास्तू होती. एकनाथ परततो ती जमीन त्याला जगवू शकत नाही. आणि परभणी जिल्ह्यातल्याच आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या परंपरेचा धागा पुन्हा बी. रघुनाथांच्या जिल्ह्यात आला.

तेव्हा वर्गात 'कोसला' शिकवताना शेजारी 'गोतावळा' ठेवावी, 'बनगरवाडी' शिकवताना वुल्फचे नाव घ्यायला संकोचू नये आणि या सर्वांच्या मध्ये बागुलांचा 'मी' उभा करावा. असे केल्याने झरीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट उमगेल. पावसाची वाट पाहणारा माणूस आणि स्वतःच्या अस्तित्वाचा अर्थ विचारणारा माणूस हे दोघे वेगळे असलेच पाहिजेत असे नाही. बऱ्याचदा तो एकच असतो, आणि मराठी कादंबरीने त्याला १९७१ पर्यंत त्याच्या स्वतःच्या बोलीत बोलताही केले होते. समीक्षेने त्याचे दोन तुकडे करून दोन प्रकरणांत ठेवले. ते जोडण्याचे काम आता शिकवणाऱ्यांचे आहे.