आमचे बँडवाले : त्यांचा चरितार्थ व त्यांचें नांव

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं चरित्रें येतात, देणगीदारांच्या याद्या येतात, देवळाच्या कोनशिलेची हकीकत येते. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांच्यावांचून आमच्या धर्मग्रामांत एकहि सण, एकहि वरात, फार काय एकहि मोठी प्रेतयात्रा पार पडली नाहीं, त्या बँडवाल्यांविषयीं चार ओळी लिहिण्याचें आजवर कोणास सुचलेलें नाहीं. संपादक-मंडळानें ही उणीव भरून काढण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे सोंपविलें. लेखक स्वतः वादक नव्हे. तरुणपणीं त्यानें क्लॅरिनेट शिकण्याचा उद्योग आरंभिला होता व शेजाऱ्यांच्या विनंतीवरून तो सोडून दिला. एवढाच त्याचा या विषयावरील अधिकार.

या विद्येचें मूळ शोधूं गेल्यास गोमंतकांत जावें लागतें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमदानींत तेथें चर्चला जोडून ज्या शाळा निघाल्या, त्यांत धर्मोपदेश व अक्षरओळख यांच्या जोडीला संगीत शिकविलें जाई. हेतु उघड होता. मिस्साविधीस गायक हवेत, सणास वादक हवेत, आणि ते लिस्बनहून गलबतांत भरून आणणें परवडणारें नव्हतें. शिकविणाऱ्या मेस्त्रेची शिस्त अशी कीं, मुलाच्या हातीं व्हायोलिन पडण्यापूर्वीं त्यास पांच रेघांवरचे स्वर तोंडानें अचूक म्हणतां आले पाहिजेत. चुकलेल्या स्वराला छडी ठरलेली. मुलें रडत, पण शिकत. यामुळें माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराच्या मुलालाहि युरोपीय स्वरलिपि वाचतां येऊं लागली. हिंदुस्थानांत इतरत्र संगीत हें गुरुमुखानें कानांत पडून शिकावयाचें होतें. कागदावरून तें वाचणारा वर्ग येथें तयार झाला. पुढें ज्या गुणानें गोमंतकीयांस देशोदेशीं भाकर मिळवून दिली, तो गुण हाच.

वसईचा आमचा मुलूखहि १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच अमलाखालीं होता. म्हणूनच आमच्या लग्नांत उंबराचें पाणी आणावयास जातांना घुमटाबरोबर बँडहि लागतो, व आमच्या आजीबाई घुमटाच्या ठेक्यावर जितक्या सहज पाऊल टाकीत तितक्याच सहज ट्रंपेटवरहि टाकीत.

इंग्रजांचें राज्य स्थिरावल्यावर या विद्येस बाजार मिळाला. पलटणींस बँड हवे होते, संस्थानिकांस आपल्या दरबाराची शोभा वाढवावयाची होती. दूर झांजीबारच्या सुलतानाच्या बँडांतहि गोमंतकीयच वाजवीत. घरीं चार आण्यांची ददात असलेला मनुष्य परमुलखांत सोनेरी फितींचा डगला घालून राजापुढें उभा राही, आणि महिन्याअखेर मनीऑर्डर गांवीं पाठवी.

मुंबईस येणाऱ्याचें पहिलें आश्रयस्थान म्हणजे कूड. धोबीतलाव, माझगांव या भागांत गांवोगांवच्या लोकांनीं मिळून या खोल्या चालविल्या. प्रत्येक कूड एका गांवाचा व गांवच्या पाठीराख्या संताचा. माणसाच्या वांट्यास येई ती एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा व रात्रीं चटई पसरण्यापुरती फरशी. संध्याकाळीं वेदीपुढें रोझरीस हजर राहणें सक्तीचें. दिवसा जागा रिकामी असे तेव्हां कोणी खिडकीपाशीं बसून व्हायोलिन घांशी, कोणी जिन्यांत उभा राहून ट्राँबोन फुंकी. काम मिळविण्याची रीतहि साधी होती. धोबीतलावावरील चहाच्या दुकानांपाशीं सकाळीं वादक जमत. बँडमास्तर येई व भाजी निवडावी तशीं माणसें निवडी. दोन ट्रंपेट, एक सॅक्सोफोन, एक ढोल. काळी पाटलोण आहे का, बूट आहेत का, एवढी चौकशी करून तो त्यांना घेऊन जाई. ज्याच्यापाशीं काळी पाटलोण नसे तो कूडांतील सोबत्याची मागून आणी. वाद्य उत्तम वाजविणारा मनुष्य पाटलोणीवांचून घरीं राहिला, असेंहि घडे.

मूकपटांच्या काळांत चित्रगृहांत पडद्यापुढें बसून वाजविण्याचें काम होतें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलूं लागला, आणि पडद्याखालच्या वादकांचें काम हळूहळू बंद झालें. ज्या यंत्रानें त्यांची रोजी घेतली त्याच यंत्राच्या पोटांत पुढें त्यांना पुन्हा काम मिळावयाचें होतें. पण हें त्या दिवशीं कोणास ठाऊक असणार?

मधल्या काळांत हॉटेलांनीं हात दिला. १९३५ सालीं लिऑन ॲबी हा अमेरिकन निग्रो वादक आपला संच घेऊन ताजमहाल हॉटेलांत आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या जॅझ संगीतानें आमच्या पोरांना वेड लावलें. मिस्सागीतांवर तयार झालेले हात आतां नव्या तालावर चालूं लागले, व १९३९ पासून ताजमध्यें मिकी कुरैया यांचा वाद्यवृंद सुमारें वीस वर्षें गाजला. नांवाची जाहिरात कशी करावी हें शास्त्रहि आमचे लोक येथेंच शिकले. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे ‘चिक चॉकलेट’ झाले, आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी त्यांस चिकटली. ट्रंपेट, तोंडावरचा रुमाल, घोगरा आवाज, सर्व थाट त्याच थोर वादकाचा. ही खोड ख्रिस्ती मंडळींचीच होती असें मात्र कोणीं समजूं नये; ‘रूडी कॉटन’ हे जन्मानें पारशी, कावसजी खटाव. नांव बदलणें हें कित्येक वडीलधाऱ्यांस रुचलें नाहीं. परंतु बाप्तिस्म्याच्या नांवानें दारावरची पाटी कोणी वाचीत नसेल, तर पोटापुढें मनुष्यानें करावें तरी काय ?

१९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, मुंबईंतील हॉटेलांच्या नृत्यशाळांवर मंदी आली, व वादकांचा ओघ चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे पूर्वींहून जोरानें वळला. येथें मेस्त्रेच्या छडीचें मोल कळून आलें. संगीतकार चाल बांधी व पेटीवर म्हणून दाखवी. पण ती चाळीस-पन्नास वादकांनीं एकाच वेळीं वाजवावयाची तर प्रत्येकापुढें लिहिलेला कागद हवा. तो लिहिणारा, कोठें व्हायोलिनें यावीं, कोठें बासरीनें उत्तर द्यावें हें ठरविणारा संयोजक बहुधा गोमंतकीय असे. आपले मराठी संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्याजवळ चिक चॉकलेट होते. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटाच्या संगीतांत जो उसळता उत्साह आहे त्यांत या ट्रंपेटवाल्याचा वांटा मोठा. फाळणीपूर्वीं लाहोरांत बँड चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईस आले व शंकर-जयकिशन यांचे वर्षानुवर्षें संयोजक राहिले. फ्रँक फर्नांड यांनीं तर आपली कमाई घालून ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट काढला.

या सर्वांत माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांची कथा लेखकाच्या मनास फार लागते. हे उत्तम व्हायोलिनवादक व त्याहून उत्तम शिक्षक. हिंदुस्थानी राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मिलाफ घडवावा हा त्यांचा ध्यास. १९५८ सालीं त्यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासह त्याचा जलसा केला. पुढें ते अमेरिकेस गेले, परत आले, आणि गोमंतकांत शांतपणें राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटाच्या एका गाण्यांत नायकाच्या तोंडीं गुरूचें नांव घातलें. तें नांव सर्व देशाच्या ओठीं बसलें; पण त्या नांवाचा खरा मनुष्य आहे व तो व्हायोलिन वाजवितो, हें हजारांत एकास तरी ठाऊक होतें काय ?

आणि हे तर भाग्यवान ! मागच्या रांगेंतील वादकांस काम संपल्यावर रोख पैसे मिळत, आणि गाणें पुढें चाळीस वर्षें वाजलें तरी संबंध तेथेंच तुटे. श्रेयनामावलींत त्यांचें नांव नसे. ही केवळ मानापमानाची गोष्ट आहे असें पुष्कळांस वाटतें. तशी ती नाहीं. आपल्या प्रताधिकार कायद्यानें १९९४ सालीं प्रयोग करणाऱ्या कलावंताचे हक्क मानिले, व २०१२ च्या दुरुस्तीनें व्यापारी उपयोगाबद्दल त्यास मानधनाचा वांटाहि दिला. परंतु त्याच दुरुस्तीनें असेंहि म्हटलें कीं, चित्रपटांत ज्याचें काम प्रासंगिक स्वरूपाचें आहे व धंद्याच्या रिवाजाप्रमाणें ज्याचा नामनिर्देश कोठेंहि होत नाहीं, तो एका मर्यादित बाबीखेरीज कायद्याच्या दृष्टीनें कलावंतच नव्हे. व्हायोलिनच्या रांगेंत बसणाऱ्याचें काम प्रासंगिक कीं कसें, याचा वाद वकिलांनीं करावा. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, आधीं नांव लिहावयाचें नाहीं, आणि मग नांव नाहीं म्हणून हक्क नाहीं, असा हा फेरा आहे.

आतां गांवच्या बँडाकडे वळूं. याची कीर्ति मुंबईच्या हॉटेलांत नाहीं; याचें कार्यक्षेत्र म्हणजे देऊळ, लग्नमांडव व स्मशानभूमि. पहांटे सणाच्या मिस्सेपूर्वीं देवळाच्या पटांगणांत वाजवावयाचें, दुपारीं कोणाच्या अंत्ययात्रेंत मंद चालीवर अर्धा कोस चालावयाचें, आणि रात्रीं दुसऱ्या गांवीं वरातींत त्याच ओठांनीं हसरें गाणें फुंकावयाचें. ओठ सुजतात. पावसाळ्यांत व्हायोलिनचा सरस सुटतो, ढोलाचें कातडें सैल पडतें, ट्रंपेटच्या खिट्ट्या अडकतात. लग्नाची सुपारी ठरली म्हणजे विसार मिळतो, तो बहुधा गणवेशाच्या धुलाईंत व टेंपोच्या भाड्यांत जातो. उरलेली रक्कम यजमान ‘उद्यां या’ म्हणून देतो. असा उद्यां कित्येकदां सहा महिन्यांनीं उगवतो. उपासकाळाचे चाळीस दिवस लग्नें नाहींत, म्हणून वरातहि नाहीं. तेवढ्या दिवसांत चूल पेटावी कशी? यास्तव आमचा बँडवाला केवळ बँडवाला कधींच नसतो. तो सुतार, शिंपी, गिरणी-कामगार किंवा रेल्वेंतील नोकर असून उरल्या वेळीं वादक असतो. मुंबईकडे १८९२ पासून कोंकणी तियात्र सुरू झालें. रंगमंचापुढें बसणाऱ्या त्याच्या छोट्या बँडानें अनेकांस हंगामाबाहेर आधार दिला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

जाहिरातीचें साधन एकच, मोठा ढोल. त्याच्या दोन्ही तोंडांवर बँडाचें नांव व पत्ता ठळक अक्षरांनीं रंगविलेला. मिरवणूक जितक्या रस्त्यांनीं जाई तितक्या रस्त्यांवर जाहिरात होई. त्यास एक पैचा खर्च नाहीं, आणि खोटें बोलण्यास जागा नाहीं. कारण नांव वाचतांना वाजविणेंहि कानीं पडतच असे.

गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून विजेच्या कीबोर्डानें एका बोटांत दहा व्हायोलिनें आणून बसविलीं. ध्वनिमुद्रणशाळांतील रांगा आटल्या, आणि लग्नांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें टाळेबंदी झाली तेव्हां तर वरात, सण, तियात्र सर्वच एका दिवसांत थांबलें. त्या काळांत तरुण वादकांनीं भ्रमणध्वनीचा आश्रय घेतला. घरच्या ओट्यावर बसून एकेकानें वाजविलेलें चित्रित करावयाचें, तें जुळवावयाचें व आंतरजालावर सर्व जगापुढें मांडावयाचें. आज गांवच्या बँडाची निवड पुष्कळदां अशीं चित्रणें पाहूनच होते. सुपारी देणारा आधीं व्हॉट्सॲपवर तीं मागतो. हा लाभ खरा आहे. दूरदेशीं नोकरीस असलेला वर दोन महिने आधीं घरबसल्या बँड ठरवितो, ही सोय धोबीतलावावर नव्हती. परंतु चोवीस तास दुकान उघडें ठेवण्याचें कष्टहि आले. वाजवून दमलेला मनुष्य मध्यरात्रीं चित्रण कापीत बसतो. चित्रपटगीत वाजविलें तर कधीं कधीं यंत्रच आपण होऊन त्याचा आवाज बंद करितें. म्हणजे ज्या गाण्यांत कदाचित् त्याच्या आजोबानें ट्रंपेट वाजविला, तें वाजविण्यास नातवास मज्जाव! शिवाय वरातींतील पाहुणे जें चित्रण करून पसरवितात त्यांत नवरानवरीचीं नांवें असतात, मांडववाल्याचें असतें, बँडाचें नसतें. ढोल चौकटीबाहेर राहतो.

हा लेख लिहितांना लेखकानें देवळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या चाळल्या. मेणबत्त्या विकणाऱ्याचें नांव आहे, आतषबाजीवाल्याचें आहे. वादकांपुढें प्रत्येक वर्षीं ‘बँड’ एवढाच शब्द व रक्कम. या स्मरणिकेंत पुढें जें मिरवणुकीचें छायाचित्र छापिलें आहे, त्याच्या डाव्या कडेस अकरा वादक उभे आहेत. ढोलावरील अक्षरें पालखीच्या छत्रानें झांकलीं गेलीं आहेत. वृद्ध मंडळींस विचारून चौघांची ओळख पटली. सात अद्याप राहिले. ज्या वाचकांस ते ओळखतां येतील त्यांनीं रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर कचेरींत येऊन सांगावें. छायाचित्राखालीं तेवढी जागा कोरी ठेविली आहे.