मांजरांचे उन्हापासून संरक्षण

पाळीव मांजरांच्या त्वचेला उन्हामुळे होणारी इजा आणि अतिउष्णतेचा त्रास टाळण्यासाठी योजल्या जाणाऱ्या उपायांना मांजरांचे उन्हापासून संरक्षण असे म्हणता येईल. उष्माघात काही तासांत जीव घेतो, म्हणून तो लक्षात येतो. त्वचेची हानी मात्र वर्षानुवर्षे साचत जाते आणि बहुधा भांडणातील ओरखडा समजून दुर्लक्षिली जाते.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. नीरा डाव्या कालव्यामुळे व उजनी जलाशयामुळे येथे ऊस दिसत असला, तरी मुळात हा अवर्षणप्रवण प्रदेश आहे. सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावरील या भागात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उष्णता व अवर्षण यांचा पिकांवर आणि पशुधनावर होणारा परिणाम अभ्यासते. मांजर पशुधनात मोडत नाही. खेड्यात ते उंदरांसाठी ठेवलेले, अर्धे घरातले नि अर्धे बाहेरचे असते. त्याच्या कानाकडे निरखून पाहण्याची रीत नाही.

त्वचेची हानी

मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून त्वचेचे रक्षण करते. पांढऱ्या मांजराच्या त्वचेत ते नसते, आणि कानांची टोके, नाक, पापण्या व ओठ येथे केसही विरळ असतात. त्यामुळे इजा प्रथम तेथेच होते. कबऱ्या मांजराचे कान किंवा नाक पांढरे असेल, तर त्यालाही हाच धोका असतो. काळ्या मांजराला तो पुष्कळ कमी.

आरंभी कानाची कड गुलाबी होते, केस झडतात, कोंड्यासारखी सालपटे निघतात. पुढे खपली धरते, कड वळते, जखम भरल्यासारखी वाटून पुन्हा चिघळते. अशा जागी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो. कानावर तो वेळीच ओळखला गेल्यास कानाची पाळी शस्त्रक्रियेने काढतात. त्याने ऐकण्यावर फारसा परिणाम होत नाही. नाकावरील रोगाचा इलाज अधिक कठीण असतो. यासाठी दोन-तीन आठवड्यांत न भरणारी कानाची वा नाकाची जखम पशुवैद्यकाला दाखवावी.

उपाय

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत मांजराला घरात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. मांजर स्वतःहून सावलीत जाते हे खरे. पण ऊन शेकणे हाही त्याचा स्वभाव आहे, आणि कोवळ्या उन्हात झोपलेले मांजर ऊन चढले तरी तेथेच पडून राहते. हिवाळ्यातील दुपारही निर्धोक नसते. खिडकीची साधी काच किरणांचा काही भाग अडवते, सगळा नव्हे. तेथे पडदा लावावा.

पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते. अशा घरात मांजर कोंडणे म्हणजे उन्हातून काढून उष्म्यात टाकणे. पत्र्यावर उसाचे पाचट पसरल्यास आत गारवा राहतो, मात्र चूल व विजेच्या तारांपासून ते दूर असावे. पसरट मातीच्या भांड्यांत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे.

माणसांचे सनस्क्रीन मांजराला लावू नये. मांजर अंग चाटते, आणि त्यातील झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट ही द्रव्ये पोटात गेल्यास विषबाधा होते.

उष्माघात

मांजराला घाम जवळजवळ केवळ पंजांच्या तळव्यांना येतो. कुत्र्याचे धापा टाकणे नेहमीचे असते. मांजराने तोंड उघडून धापा टाकणे हे संकटाचे चिन्ह आहे. लाळ गळणे, झोकांड्या जाणे, हिरड्या लालभडक होणे ही इतर लक्षणे. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना हा त्रास लवकर होतो. मांजराला सावलीत आणून अंग साध्या पाण्याने भिजवावे, पंखा लावावा व तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फ वापरू नये. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये.

दोन घरगुती उपचार येथे घातक ठरतात. ऊन लागल्यावर कांद्याचा रस देण्याची आपल्याकडे प्रथा आहे, पण कांद्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. अंग तापले म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

उपचारांसाठी पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने व खासगी पशुवैद्यक उपलब्ध असतात. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.