नौकातळ कॅमेरा
नौकातळ कॅमेरा हा नौकेच्या तळाला जलरेषेखाली छिद्र पाडून बसवलेला आणि पाण्याखालील दृश्य नौकेवरील पडद्यावर दाखवणारा कॅमेरा होय.

देखभाल
देखभालीत चित्राच्या स्पष्टतेपेक्षा जलरोधकता महत्त्वाची असते. जलरेषेखाली ६० सेंमी खोलीवरचे ४ सेंमी व्यासाचे छिद्र उघडे पडल्यास मिनिटाला सुमारे १५० लिटर पाणी आत शिरते. म्हणून आतील नट व सीलंटभोवती ओल आहे का, हे नियमित तपासतात आणि छिद्राच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी जवळच बांधून ठेवतात.

कॅमेऱ्याच्या काचेवर प्रथम जीवाणूंचा बुळबुळीत थर, मग शेवाळ व बार्नेकल साचतात. थर ताजा असतानाच मऊ कापडाने पुसणे श्रेयस्कर. घट्ट बसलेले बार्नेकल खरवडल्यास ओरखडे पडतात. काचेऐवजी ॲक्रिलिक असल्यास ॲसिटोन वर्ज्य, कारण त्याने सूक्ष्म तडे जातात. तळाला शेवाळरोधक रंग देताना काच झाकावी लागते.

स्टेनलेस पोलादाच्या जोडणीला सीलंटखाली, प्राणवायूच्या अभावी, बाहेरून न दिसणारा गंज लागतो. कांस्य या बाबतीत सरस; मात्र ॲल्युमिनियमच्या नौकेवर ते थेट बसवल्यास गॅल्व्हानिक क्षरणाने नौकेचा तळच झिजतो.