मानखुर्दची सिलिकॉन व्हॅली का झाली नाही?

१९५६ साली माझ्या मानखुर्दशेजारी, ट्रॉम्बेत, भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली. तिची नियंत्रण यंत्रणा आपल्याच इंजिनिअरांनी बनवली. तरी इलेक्ट्रॉनिक्स उद्योग मानखुर्दला वाढला नाही. ए. एस. रावांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये ‘ईसीआयएल’ उभी राहिली ती हैदराबादला. ट्रॉम्बेतलं ज्ञान बहुतांशी सुरक्षेच्या भिंतीआड राहिलं.

१९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ आलं. तिथे एका कंपनीत शिकलेला माणूस शेजारच्या कंपनीत जाऊ शकत होता, कौशल्यही त्याच्यासोबत जायचं. क्लस्टरचा खरा फायदा हाच.

१९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली. त्यामुळेच मी घर न बदलता नोकरी बदलू शकलो. आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र अजून पहिली नोकरीच मिळायची आहे.