नाणेघाटातला रांजण

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नाणेघाटातला दगडी रांजण सांगावा लागत नाही. सातवाहनांच्या काळी कोकणातून चढणारे व्यापारी त्यात जकात टाकीत, अशी परंपरा आहे. जकात बोचत असेल. पण रांजण उघड्यावर होता.

इंटरनेटवरच्या काही दलालांनी मात्र अ‍ॅडवेअरची आडवाट धरली. फुकटच्या सॉफ्टवेअरआडून हा प्रोग्राम संगणकात शिरतो, जाहिराती दाखवतो. दुकानाकडे निघालेले गिऱ्हाईकही ‘मीच आणले’ म्हणून दलाल कमिशन उकळतो.

अमेरिकेत अ‍ॅडवेअर पसरवणाऱ्या झँगो कंपनीला २००६ साली ३० लाख डॉलर भरायचे कबूल करावे लागले. २००९ मध्ये ती बंद पडली. भारतातही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी छुपी जाहिरात गैर ठरवली.

मंडळी, दलाली पाप नव्हे. पण रांजण वाटसरूला दिसला पाहिजे.