टाकळीच्या तळ्याकाठी, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी

उकाड्याचं नवल वाटून घेऊ नका, नागपूरच आहे हे. काळ तेवढा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. भारत अजून आशियाला टेकलेला नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून एकटाच उत्तरेकडे सरकतो आहे. तुम्ही आजच्या टाकळीजवळ एका उथळ तळ्याच्या काठावर उभे आहात. पायाखालचा काळा कातळ म्हणजे मागच्या उद्रेकाचा लाव्हा, केव्हाच निवलेला. त्याच्याच खळग्यात पाणी साचून हे तळं झालं.

हात घाला पाण्यात. गाळ इतका मऊ की चिमटीत धरवत नाही. त्यातून गोगलगायीचा एक रिकामा शंख वर काढा आणि टोक वर करून धरा. तोंड डावीकडे दिसेल. बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. ही फायसा, पीळच उलटा. पलीकडे एक फळ टपकन पाण्यात पडलं, तळाशी गेलं. त्यावर गाळाचा पापुद्रा चढेल, मग दुसरा. या कामाला घाई नाही, पिढ्यान् पिढ्या लागतात.

आता मागे सरा, बरेच मागे. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी शोधत असाल तर निराशा होईल. इथे जमीनच लांबच लांब भेगांनी उकलते. सुमारे ११०० अंश सेल्सियसचा लाव्हा पसरत येतो. दुधावर साय धरावी तशी त्यावर बघता बघता काळी खपली धरते, आणि खाली लाल रस वाहतच राहतो. तळ्याची वाफ होते, गाळ त्याखाली गाडला जातो. लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकतात. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढतील. वरचा लाव्हा लवकर निवतो, म्हणून बेसॉल्टचे कण भिंगाखेरीज नीट दिसत नाहीत. हाच रस जमिनीखाली खोलवर सावकाश निवता, तर कण सहज दिसण्याएवढे झाले असते.

पुढे पाण्यातून झिरपलेल्या सिलिकाने गाळ इतका टणक होतो की हातोडी उसळावी. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला टाकळीत अशा खडकातून फळं, बिया, शंख मिळाले. हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांचा नागपूरच्या भूशास्त्रावरचा लेख १८५५ साली लंडनच्या नियतकालिकात आला. चंद्रपूरच्या पिसदुऱ्याचा गाळ तर लाव्ह्याच्याही खालचा. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनासोरांच्या चित्रात गवत काढणं चूक समजत.

गोष्टी ऐकायच्या तर गाळाच्या खडकाकडेच जावं. बेसॉल्टला शंख, फळं, शेण यांतलं काही ठाऊक नाही. पण ती गोगलगाय कधी जगली, हे गोगलगाय सांगत नाही. ते वरखालचा लाव्हा सांगतो. त्यातल्या पोटॅशियमपासून हळूहळू अरगॉन वायू बनत राहतो. तो मोजला की खडक केव्हा थिजला ते कळतं. मधल्या गाळाचं वय आपोआप त्या दोन आकड्यांच्या आत येतं.

विदर्भात कुठे विहीर खणताना काळ्या दगडाच्या थरांमध्ये फिकट रंगाचा पातळ थर लागला, तर तो मलबा भरावात टाकण्याआधी एकदा उलथापालथ करून बघा. आणि शंख सापडला, तर जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना नक्की दाखवा.