अनोळखी माणसाच्या मिठीचे नियम : टँगोचा सामाजिक इतिहास

थ्रेड : 'टँगो' हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लाल पोशाखातली स्त्री, दातांत धरलेले गुलाब, झटक्यासरशी वळणारी मान आणि हवेत उडणारे पाय. हे चित्र रंगमंचाने व हॉलिवूडने घडवले. १९२१ साली रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने मूकपटात गाउचोच्या, म्हणजे पंपास मैदानातल्या गुराख्याच्या, वेशात टँगो केला आणि जगाने तोच खरा मानला. वास्तविक टँगो हे बंदर-शहराचे अपत्य. गुराख्यांच्या जगाशी त्याचे नाते बेताचेच.

आज ज्याविषयी लिहायचे आहे तो टँगो वेगळा आहे. ब्यूनस आयर्सच्या एखाद्या सभागृहात चाळीस-पन्नास जोड्या संथपणे वर्तुळाकार फिरत आहेत. पाय जमिनीलगत. छातीला छाती टेकलेली, कित्येकांचे डोळे मिटलेले. यातली अनेक माणसे तासाभरापूर्वी एकमेकांस ओळखतही नव्हती. कोणी कोणाला तोंडाने विचारले नाही, कोणी कोणाशी ओळख करून दिली नाही आणि सुमारे दहा-बारा मिनिटांनी ही मिठी सुटणार आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे.

परक्या व्यक्तीला इतक्या जवळ घेण्याची मुभा एखादा समाज कशी देतो? आणि ती मुभा देताना कोणती कुंपणे घालतो? टँगोच्या चालीरीतींकडे मी या प्रश्नाच्या अंगाने पाहते. उत्तर शोधायचे तर आधी शहर पाहावे लागते.

१८६९ च्या जनगणनेत ब्यूनस आयर्सची लोकसंख्या दोन लाखांच्याही आत होती. १९१४ मध्ये ती पंधरा लाखांच्या पुढे गेली आणि त्यांतील जवळपास निम्मी माणसे परदेशात जन्मलेली होती. इटालियन आणि स्पॅनिश सर्वाधिक. त्यांच्याखेरीज पूर्व युरोपातील ज्यू, सीरिया-लेबनॉनचे अरब, फ्रेंच, जर्मन. स्थलांतरितांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांहून पुष्कळ अधिक होते. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन शेजाऱ्यांची भाषा एक असेलच, याची खात्री नव्हती.

ही माणसे राहत 'कोनव्हेंतिशो'मध्ये. मधे अंगण, भोवती खोल्यांच्या रांगा, एकेका खोलीत एक कुटुंब किंवा पाच-सहा एकटे पुरुष, आणि सर्वांना मिळून मोजके संडास. गिरगाव-परळच्या चाळींविषयी वाचलेल्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. १९०७ साली याच वस्त्यांतील भाडेकरूंनी भाडेवाढीविरुद्ध मोठा संप केला, तेव्हा बायका-मुले हातात झाडू घेऊन मोर्चाने निघाली होती. (या संपावर स्वतंत्र धागा लिहायला हवा.) त्याच अंगणांत संध्याकाळी पेटीवाला हाताने फिरवायचे वाद्य घेऊन येई आणि त्याच्या सुरांवर लोक नाचत.

पण टँगोची कहाणी बोटीतून उतरलेल्या युरोपीयांपासून सुरू करणे हा अर्धाच इतिहास झाला. १७७८ च्या गणनेत ब्यूनस आयर्समधील सुमारे तीस टक्के रहिवासी आफ्रिकी वंशाचे होते. त्यांतले बहुसंख्य गुलामगिरीत. त्यांच्या मेळाव्यांना, ढोलांवरच्या 'कँडोंबे' नृत्याला नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ब्यूनस आयर्स आणि मोंतेविदेओ इथे, दीर्घ परंपरा आहे. 'टँगो' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशाच कृष्णवर्णीय मेळाव्यांसाठी वापरला जात असे. १८८३ मध्ये व्हेंतुरा लिंच या लेखकाने नोंदवले आहे की, शहरातील 'कोंपाद्रितो', म्हणजे वस्तीतले छेलछबिले तरुण, काळ्या लोकांच्या नाचाची टिंगल म्हणून 'मिलोंगा' नाचतात.

या नोंदीवर क्षणभर थांबा. ज्यांची टिंगल केली त्यांच्याच लकबी अंगात भिनल्या; मधेच थबकणे, कमरेत मुरकणे या गोष्टी तिथून आल्या. १८९७ च्या 'एल एन्त्रेरियानो' या गाजलेल्या आरंभीच्या टँगोचा रचनाकार रोसेन्दो मेंदिसाबाल हा आफ्रिकी वंशाचा पियानोवादक होता. तरीही विसाव्या शतकातील लोकप्रिय कथनात टँगो 'युरोपीय स्थलांतरितांचे दुःख' ठरला आणि कृष्णवर्णीय अर्जेंटिनी माणूस कथेतून जवळजवळ पुसला गेला.

दुसरी आवडती दंतकथा म्हणजे टँगो वेश्यागृहात जन्मला. तिथे तो वाजत होता, यात शंका नाही. पण त्याच काळात टँगोची छापील स्वरलिपी घरगुती पियानोसाठी विकली जात होती आणि पियानो बाळगणारी घरे मध्यमवर्गीयांचीच असणार. अंगणे, चहापानगृहे, सर्कशीचे तंबू, लोकनाट्ये असा तो सर्वत्र पसरलेला होता. बदनाम जन्माची गोष्ट सांगायला चटकदार असते, एवढ्यानेच ती टिकते, असे माझे मत आहे.

आता मिठीकडे वळू. स्पॅनिशमध्ये तिला 'आब्रासो' म्हणतात आणि नृत्यातील पकडीसाठीही हाच घरगुती शब्द वापरला जातो. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना धरून नाचणे टँगोने शोधले नाही. वॉल्ट्झ आणि पोल्का हे त्याआधीच रुजले होते. परंतु त्या नाचांत पावलांचा क्रम ठरलेला, गती अखंड. टँगोमध्ये क्रम नाहीसा झाला. पुढचे पाऊल कोणते, हे नेणाऱ्यालाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नसते. तो मधेच थांबू शकतो, दिशा बदलू शकतो, एका जागी उभा राहून केवळ श्वास घेऊ शकतो.

मग जोडीदाराला कळते कसे? दोघांमधील संपर्कातून. उजवा हात पाठीभोवती, डावा हात समोरच्याच्या हातात, पण संदेश हातांनी ढकलून दिला जात नाही. तो धडाच्या हालचालीतून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाण्यातून पोहोचतो. अनुसरणारी व्यक्ती तो ऐकते, आपला वेळ घेते, स्वतःची नजाकत भरते. शहराच्या मध्यवर्ती, गर्दीच्या नृत्यगृहांत ही मिठी घट्ट व पावले आखूड होत गेली. व्हिशा उर्किसासारख्या उपनगरी भागांतील क्लबांच्या प्रशस्त फरशीवर पावले लांब, मिठी किंचित मोकळी. जागेच्या क्षेत्रफळाने नृत्यशैली घडवली, हे मला फार लोभस वाटते.

पॅरिसचा अध्याय थोडक्यात उरकते. १९१३ च्या सुमारास तिथे टँगोचे अक्षरशः वेड पसरले. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने गणवेशातील अधिकाऱ्यांना तो नाचण्यास मनाई केली, पॅरिसच्या आर्चबिशपांनी निषेध केला. घरी ज्याला नाक मुरडले, त्यालाच युरोपचा शिक्का मिळताच अर्जेंटिनाच्या उच्चभ्रूंनी दिवाणखान्यात जागा दिली. हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही.

संगीताकडे मात्र सावकाश पाहू. टँगोचा आत्मा मानले जाणारे वाद्य, बांदोनेओन, मूळचे जर्मन. क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. आपल्या पेटीप्रमाणे यातही हवेने कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. फरक असा की, पेटीची एक पट्टी दाबली की एकच सूर. बांदोनेओनचे एकच बटण भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना बहुधा दुसराच. दोन्ही बाजूंना मिळून एकाहत्तर बटणे! ब्यूनस आयर्सच्या वादकांना सर्वांत प्रिय ठरलेली वाद्ये सॅक्सनीतील कार्ल्सफेल्ड या लहानशा गावी, आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या कारखान्यात बनत. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत तो कारखाना सरकारजमा झाला आणि हे उत्पादन थांबले. त्यामुळे कित्येक वादक आजही शतकाच्या घरात पोहोचलेली वाद्ये जपून वाजवतात.

१९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात. त्या काळच्या वाद्यवृंदात बांदोनेओन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास असे. ढोल-ताशे सहसा नसतच. ठेका राखण्याचे काम पियानो, बास आणि बांदोनेओनच करत. त्यामुळे नाचणाऱ्याला सतत निवड करावी लागते : ठेक्यावर चालायचे की व्हायोलिनच्या लांब सुरावर तरंगायचे? दुप्पट लयीत दोन चटकदार पावले टाकायची की शांततेत थांबायचे? टँगोमध्ये 'उत्तम नाचणारा' म्हणजे नेमक्या क्षणी थांबणारा. पाय किती उंच गेले, याला मिलोंगात किंमत नाही.

प्रत्येक वाद्यवृंदाची प्रकृती निराळी. हुआन दारिएन्सोने १९३५ मध्ये रोदोल्फो बियाजी या पियानोवादकाला सोबत घेतले आणि ठेका असा टोकदार केला की, बसलेली तरुण पिढी उठून नाचू लागली. कार्लोस दी सार्लीचा पियानो गंभीर, व्हायोलिने रेशमी. त्यावर नवशिक्यालाही नुसते चालण्यातला आनंद कळतो. आनिबाल त्रोइलोकडे गायक आणि वाद्ये एकमेकांशी बोलतात. ओस्वाल्दो पुग्लिएसेचे संगीत लाटेसारखे चढते आणि अकस्मात विरते. पुग्लिएसे साम्यवादी होता आणि त्याच्या वाद्यवृंदाची कमाई सहकारी पद्धतीने वाटली जाई. राजकीय मतांपायी त्याला अनेकदा तुरुंगवास घडला. तो तुरुंगात असताना त्याचे साथीदार पियानोवर लाल कार्नेशनचे फूल ठेवून कार्यक्रम करत.

आता चालीरीती. 'मिलोंगा' हा एका वेगवान संगीतप्रकाराचा शब्द आणि नृत्यमेळाव्याचाही. मेळाव्यात संगीत 'तांदा'च्या हप्त्यांत वाजते : तीन किंवा चार रचना, बहुधा एकाच वाद्यवृंदाच्या, एकाच काळातल्या. नंतर 'कोर्तीना', म्हणजे पडदा; टँगो नसलेल्या संगीताचा छोटा तुकडा. तो वाजला की सर्व जोड्या फरशी सोडून आपापल्या टेबलाशी परततात. नाचताना सर्वांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे, पुढच्याला ओलांडायचे नाही, कुणाला धक्का द्यायचा नाही. या प्रवाहाला 'रोंदा' म्हणतात.

सर्वांत सुंदर रीत आमंत्रणाची. पुरुष दुरून नजर टाकतो. स्त्रीला नाचायचे असेल तर ती ती नजर झेलते. तो मान किंचित हलवतो, ती होकार देते. याचे नाव 'काबेसेओ'. नाचायचे नसेल तर तिने केवळ दुसरीकडे पाहायचे. नकार दिला गेला, पण तो कोणी ऐकला नाही. कोणाची मानहानी झाली नाही. तांदाच्या मध्ये 'ग्रासिआस' म्हटले की त्याचा अर्थ 'आता पुरे'. म्हणून पहिल्याच गाण्यानंतर सौजन्याने आभार मानणारा परदेशी पाहुणा जोडीदाराला नकळत दुखावतो. एकाच व्यक्तीबरोबर लागोपाठ अनेक तांदा नाचले तर भोवतालचे लोक त्यातून योग्य तो बोध घेतात.

हे नियम शहराच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. गाव नाही, जात-गोत्र ठाऊक नाही, कोणाच्या कुळाची हमी नाही, अशा गर्दीत जवळीक सुरक्षित करायची असेल तर तिला वेळेची मर्यादा हवी, सर्वांसमक्ष असण्याची अट हवी आणि नकाराची सोपी वाट हवी. कोर्तीना, रोंदा आणि काबेसेओ हीच तीन कामे करतात.

तथापि या रीतींना निष्पाप ठरवण्याचा मोह टाळायला हवा. नजरेचा हा खेळ दिसतो तितका समान नसतो. तरुण, ओळखीची, चांगल्या टेबलावर बसलेली स्त्री रात्रभर नाचते. वय झालेली किंवा नवखी स्त्री उत्तम नाचत असूनही भिंतीशी बसून राहते. सुवर्णकाळी मुलगे क्लबांतील सरावात आधी पुरुषांबरोबरच शिकत, पुष्कळदा अनुसरणाऱ्याची भूमिका आधी गिरवत. मुलींना असे सार्वजनिक शिक्षण क्वचितच मिळे, त्या घरी आई-मावशी-भावांकडून शिकत. आज ब्यूनस आयर्समध्ये स्त्रिया नेतृत्व करतात, एकलिंगी जोड्या नाचतात, आणि मिलोंगातील छेडछाडीविरुद्ध स्त्रीवादी नर्तिकांनी आचारसंहिता मांडली आहे. काही जुने रसिक याला परंपरेवरचा घाला समजतात. मला ते पटत नाही. नकाराचा मान राखणे हे काबेसेओचे मूळ काम असेल, तर या स्त्रिया तेच काम पुढे नेत आहेत.

शिवाय 'परंपरा' म्हणून जे आज शिकवले जाते, त्यातला बराच भाग उत्तरकालीन जुळणीचा आहे. १९४० च्या दशकातील मोठ्या नृत्यरात्रींत प्रत्यक्ष वाद्यवृंद वाजत. टँगोचा वृंद आणि जॅझचा वृंद आळीपाळीने. १९५५ च्या लष्करी उठावात पेरोनची सत्ता गेली, पुढे रॉक संगीत आले, मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले आणि तरुण पिढी दूर गेली. मिलोंगा बंद पडल्या नाहीत, पण म्हाताऱ्या झाल्या. १९८३ मध्ये 'टँगो आर्जेंटिनो' हा प्रयोग पॅरिसला आणि १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गाजला. त्याच सुमारास अर्जेंटिनात लोकशाही परतली आणि नव्या विद्यार्थ्यांनी वृद्ध मिलोंगेरोंचे दार ठोठावले. त्या वृद्धांना जे आठवत होते आणि त्यांनी जे सांगायचे ठरवले, ते आजचे शास्त्र झाले. २००९ साली अर्जेंटिना व उरुग्वे यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर हा क्रम घ्या : दारिएन्सोचे 'एल फ्लेते', मग त्रोइलो आणि गायक फियोरेन्तिनो यांचे 'तोदा मि विदा', त्यानंतर दी सार्लीचे 'बाइआ ब्लांका' आणि पुग्लिएसेचे 'ला युंबा'. प्रत्येक रचना दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ठेका, दुसऱ्यांदा फक्त व्हायोलिन. शेवटी 'ला कुंपार्सिता' लावा. ही रचना मोंतेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या विद्यार्थ्याची. मिलोंगात ती वाजली की रात्रीचे शेवटचे गाणे आले, असे सर्वांना कळते. जोडीदार शोधायला तेव्हा फारसा वेळ उरलेला नसतो, म्हणून अनुभवी माणसे आधीपासूनच नजर लावून बसतात.